सड्यावरची रेंज, पडवीतलं प्रॅक्टिकल

गेल्या काही पावसाळ्यांत आमच्याकडे नवीच पद्धत पडली आहे. रेड अलर्ट आला की संध्याकाळी स्टाफच्या ग्रुपवर निरोप येतो, 'उद्याचे तास ऑनलाइन घ्यावेत.' मग नव्याने रुजू झालेलं कुणीतरी विचारतं, "मॅडम, २०२० मध्ये तुम्ही कसं केलंत?" प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते. मी उत्तर रत्नागिरीत तालुक्याच्या गावी एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांना यातलं बरंचसं लागू होणार नाही. ज्यांच्या मुलांना रेंजसाठी सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळी पठारावर, चढावं लागतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मार्च २०२० च्या मध्यावर कोरोनामुळे कॉलेजं बंद झाली तेव्हा परिपत्रकात ३१ मार्चपर्यंतचीच मुदत होती. प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आलेल्या, टीवायचा (तिसऱ्या वर्षाचा) थोडा पोर्शन शिल्लक. स्टाफरूममध्ये सूर असा, की पंधरा दिवसांनी जादा तास घेऊन उरकू. मी जर्नलं तपासायला घरी आणली आणि फ्रिजमधलं मटेरियल प्रयोगशाळेच्या शिपाईमामांना टाकून द्यायला सांगितलं. २४ तारखेला रात्री आठ वाजता देशभराचं लॉकडाऊन जाहीर झालं आणि ती जर्नलं पुढे कित्येक महिने आमच्या माळ्यावर राहिली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसकडून एक तक्ता आला. रोज भरून पाठवायचा: दिनांक, वर्ग, घटक, माध्यम, उपस्थिती, आणि सोबत स्क्रीनशॉट. शिकवण्याची सोय अजून व्हायची होती, अहवालाची आधी झाली. हसू आलं, पण आता सांगते, तो तक्ता पहिल्या दिवसापासून नीट भरा. पुढे वेतनाची पडताळणी, कॉलेजला श्रेणी देणाऱ्या नॅकची फाइल, प्राध्यापकांच्या बढतीसाठीचे एपीआयचे गुण, सगळ्याला तोच कागद लागला. स्क्रीनशॉटचं नाव तारीख आणि वर्ग घालून ठेवा. फोनने दिलेल्या नावाचे शेकडो स्क्रीनशॉट नंतर उघडून बघण्यासारखी शिक्षा नाही.

सुरुवात सगळ्यांसारखी झूमवर केली. फुकटच्या खात्यात चाळीस मिनिटं झाली की वर्ग बंद पडे, पुन्हा लिंक पाठवायची, परत येताना निम्मी मुलं गळायची. १६ एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयाने झूम सुरक्षित नसल्याची सूचना काढली आणि कॉलेजनेही झूम नको म्हणून कळवलं. तेव्हा गूगल मीट साध्या जीमेल खात्यांना खुलं नव्हतं, ते मे महिन्यात झालं. कॉलेजच्या नावाने गूगलचं शैक्षणिक खातं मोफत मिळतं, पण त्यासाठी कॉलेजचं डोमेन (वेबसाइटचा पत्ता) आपलंच आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि आमची वेबसाइट ज्याने केली त्याच्याकडेच पासवर्ड. तो मुंबईत अडकलेला. खातं हाती यायला जून उजाडला. तुमच्या कॉलेजचं डोमेन कुणाच्या नावावर आहे, नूतनीकरण कधी, पासवर्ड कुणाकडे, हे आत्ताच विचारून ऑफिसच्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवा. संकटात ही चौकशी करायला माणूस सापडत नाही.

या सगळ्यात वर्गात किती मुलं येत होती? साठांच्या वर्गात पंधरा-अठरा. बाकीची कुठे आहेत हे कळावं म्हणून कॉलेजने गूगल फॉर्मवर सर्वेक्षण केलं. जवळजवळ सगळ्यांकडे स्मार्टफोन आणि इंटरनेट असल्याचा निष्कर्ष निघाला, तसा अहवालही वर गेला. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही ती मुलं फॉर्म भरणारच कशी? मी हजेरीपट काढला आणि एकेकाला फोन लावायला बसले. ज्यांचा लागेना त्यांच्या वाडीतल्या दुसऱ्या मुलाला, तिथेही नाही तर पोलीसपाटलांना. विचारायचे प्रश्न साधे होते: फोन कुणाचा आहे, दिवसातून कधी तुझ्या हातात असतो, रेंज घरात आहे की बाहेर, रिचार्ज कितीचं मारतोस. उत्तरं अशी, की फोन वडिलांचा आणि ते संध्याकाळी सातला येतात. फोन तिघा भावंडांत एक, आणि धाकट्याची दहावी, म्हणून पहिला हक्क त्याचा. रेंज फक्त सड्यावर, आणि सड्यावर मुलीला एकटीला पाठवत नाहीत. रोजच्या दीड जीबीचं रिचार्ज महिन्याला दोनशेच्या आसपास, पण ते अठ्ठावीस दिवसांचं आणि घरात मजुरी बंद. व्हिडिओ सुरू ठेवून दोन-तीन लेक्चरं केली की त्या दिवसाचा डेटा संपायचा. आमच्या कॉलेजात त्या काळात जे काही बरं झालं ते या फोनांमुळे झालं, ॲपमुळे नाही. फोन करायला तुम्हाला फार तर आठवडा लागेल. तो आधी द्या, मग कुठलं सॉफ्टवेअर ते ठरवा.

त्यावरून ठरवलं, की सर्वांत वाईट रेंज असलेल्या मुलीला जे पोचेल तेच शिकवणं धरायचं. लाइव्ह तास वेळापत्रकात होते म्हणून घेत राहिले, पण नवीन काही तिथे शिकवायचं नाही. मुद्दा दहा मिनिटांच्या ध्वनिमुद्रणात सांगायचा. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटमध्ये दहा मिनिटं जेमतेम दीड-दोन एमबीत बसतात. व्हिडिओला तेव्हा १६ एमबीची मर्यादा होती आणि तेवढाही कित्येकांना उतरत नसे. सोबत हाताने काढलेल्या आकृत्यांची पीडीएफ, आणि शेवटी एकच प्रश्न, ज्याचं उत्तर आवाजात किंवा वहीच्या फोटोत पाठवायचं. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला शिकवा, नाहीतर व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि नावं दिलेल्या आकृतीतली अक्षरं वाचता येत नाहीत. शंकांसाठी रात्री आठ ते नऊ फोन. कारण तेव्हा वडील घरी आलेले असत.

खर्च म्हणाल तर ट्रायपॉड साडेचारशेचा, कॉलरचा माइक साडेसहाशेचा, आणि माझं स्वतःचं जादा रिचार्ज. ट्रायपॉड नसता तरी चाललं असतं, माइक मात्र घ्याच. पावसात कौलांवरच्या आवाजात फोनच्या माइकवर काही ऐकू येत नाही. पैसे परत मिळावेत म्हणून बिल दिलं तर ते कॉलेजच्या नावाने हवं होतं, माझं होतं माझ्या नावाने. मी नाद सोडला. मुलांच्या रिचार्जसाठी विद्यार्थी सहाय्य निधीत थोडे पैसे होते, पण अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडायचा आणि तो मिळायची सोय त्या दिवसांत नव्हती. शेवटी प्राचार्यांनी स्वयंघोषणापत्रावर मंजुरी दिली. नियमात अशी वाट असते, पण लेखी मागावी लागते.

मे महिना वेबिनारांचा. रोज तीन-तीन निमंत्रणं, शेवटी फीडबॅक फॉर्म भरला की ई-प्रमाणपत्र. आमच्या क्षेत्रात त्या उन्हाळ्यात आंब्यापेक्षा प्रमाणपत्रांचं पीक जास्त आलं. दोन-चार खरंच उपयोगी होती, विशेषतः बहुपर्यायी प्रश्न कसे काढावेत याचं एक. पण त्याच महिन्यात तासिका तत्त्वावरचे आमचे सहकारी, ज्यांना घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात, पगाराविना होते. त्यातला एक जण आंब्याच्या पेट्या पोचवून द्यायचा आणि येऊन रात्री मुलांच्या शंका सोडवायचा, त्याही फुकट. हे कुठल्या अहवालात आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. ते रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, पण दापोली-मंडणगडचा पट्टाही त्याने झोडपला. सुपारी-नारळाच्या बागा आडव्या, कौलं-पत्रे उडालेले, विजेचे खांब वाकलेले. कित्येक वाड्यांत वीज यायला काही आठवडे लागले, रेंज तर त्याहून उशिरा. जनरेटरवाला एक फोन चार्ज करून द्यायला वीस रुपये घेई आणि रांग असे. ऑनलाइन शिक्षण या शब्दांचा त्या महिन्यात आमच्याकडे काही अर्थ नव्हता. मी आकृत्यांच्या नोट्सच्या झेरॉक्स काढल्या (पानाला रुपया) आणि ओळखीच्या दूधवाल्याकडून, आशाताईंकडून वाडीवाडीवर पोचवल्या. तुमच्याकडे काहीही होवो, सत्राच्या आरंभीच पहिल्या दोन युनिटचा कागदी संच प्रत्येक मुलाच्या हातात असू द्या. आम्ही तेव्हापासून तो देतो.

इकडे वीज नाही आणि तिकडे परीक्षेचा घोळ सुरू. एफवाय-एसवायच्या (पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या) मुलांचं ठरलं होतं: निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, निम्मे मागच्या सत्राचे, आणि पुढच्या वर्गात. टीवायचं काही केल्या ठरेना. जूनमध्ये राज्य सरकार म्हणालं परीक्षा नाही. ६ जुलैला यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) सांगितलं, सप्टेंबरअखेर परीक्षा घ्याच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २८ ऑगस्टला निकाल लागला, की परीक्षेविना पदवी देता येणार नाही, फार तर राज्यांनी मुदत वाढवून मागावी. या तीन महिन्यांत मुलं मला रोज विचारत, "मॅम, होणार का?" ज्यांना एटीकेटी होती, म्हणजे मागचे विषय राहिले होते, त्यांची तर झोपच उडालेली. मी एक नियम पाळला: टीव्हीवरची बातमी ग्रुपवर टाकायची नाही, फक्त विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचं परिपत्रक, तेही क्रमांक आणि तारखेसह, आणि खाली दोन ओळींत मराठीत अर्थ. 'आज नवीन काही नाही' हेसुद्धा रोज संध्याकाळी लिहायचे. त्या एका ओळीने रात्रीचे फोन निम्म्याने कमी झाले.

मध्येच २९ जूनला सरकारने ५९ चिनी ॲप बंद केली. टिकटॉकची चर्चा देशभर झाली, आमच्या विभागात हळहळ कॅमस्कॅनरची. जर्नलची पानं पीडीएफ करायला सगळ्या मुलांना तेच शिकवलं होतं. पुन्हा नवं ॲप, पुन्हा कोणतं बटण कुठे आहे ते समजावणं. तेव्हापासून मी सूचनांमध्ये ॲपचं नाव पहिलं लिहीत नाही. काय हवं ते लिहिते: 'सर्व पानं एका पीडीएफमध्ये, सरळ, पाच एमबीच्या आत.' कसं करायचं ते मुलं एकमेकांना शिकवतात.

ऑगस्टमध्ये नवीन वर्षाचे तास सुरू झाले आणि मग खरा प्रश्न आला, प्रॅक्टिकलचा. लेक्चर कसंही पोचवता येतं, पण छेद घेणं, रंगवणं, सूक्ष्मदर्शकाखाली बघणं? परवानगी काढून मी प्रयोगशाळेत एकटी जाऊन सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसवर (डोळा लावायच्या भिंगावर) फोन टेकवून व्हिडिओ केले. हात हलतो, म्हणून पुठ्ठ्याची नळी करून फोन तिच्यावर बसवायचा, आणि पडद्यावर बोट दाबून धरून फोकस पक्का करायचा, नाहीतर फोन स्वतःच्या मनाने धूसर करतो. भोपळ्याच्या खोडाचा छेद चांगला आला. पण बघणं वेगळं आणि स्वतः करणं वेगळं, हे मुलांनाही कळत होतं.

मग वाटलं, सूक्ष्मदर्शक नाही तर त्याच्याविना होणारी प्रॅक्टिकलं आधी घेऊ. श्रावण-भाद्रपदातलं कोकण म्हणजे वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळाच, आणि मुलं नेमकी तिथेच अडकलेली! पडवीत बसून जास्वंदीचं फूल उलगडायचं: खालची हिरव्या पात्यांची जादा ओळ म्हणजे एपिकॅलिक्स, मधली केसरांची नळी, पाच कप्प्यांच्या बीजांडकोशाची चीर दाढीच्या ब्लेडने घ्यायची. प्लॅसेंटेशनसाठी, म्हणजे फळात बिया कुठे चिकटलेल्या असतात ते बघायला, तर स्वयंपाकघर पुरलं. भेंडी आडवी कापली की ॲक्झाइल (मधल्या अक्षाला), काकडी कापली की परायटल (भिंतीला), चवळीची शेंग सोलली की मार्जिनल (कडेला). एका मुलीने पाठवलेल्या फोटोत भेंडीचे काप स्टीलच्या ताटात ओळीने मांडलेले आणि मागे तिची आई विळीवर बसलेली. खाली लिहिलं होतं, "मॅम, हेच पुढे भाजीत जाणार, लवकर तपासा."

त्या वर्षी गणपती २२ ऑगस्टचे. चाकरमानी आधीच येऊन विलगीकरणात बसलेले, वाड्यांमध्ये भीती आणि उत्साह दोन्ही. गौरीसाठी घरोघर तेरडा येतो, म्हणून त्या आठवड्याचं प्रॅक्टिकल तेरड्याचं ठेवलं. फुलामागची शेपटी म्हणजे कोणता भाग, पिकलेलं फळ हात लावताच का फुटतं, फुलाचं सूत्र काय. तोंडी परीक्षा फोनवर घेतली तेव्हा एका मुलाची आजी मागून उत्तरं सांगत होती. तेरड्याचं फळ कधी फुटतं हे तिला पाठ होतं. पत्रीतल्या वनस्पतींची स्थानिक आणि शास्त्रीय नावं, कुळ आणि एक वाळवलेली फांदी असा छोटा प्रकल्प दिला. जुन्या वर्तमानपत्रात दाबून, पावसात रोज कागद बदलायचा. न बदलल्यास बुरशी येते आणि ती चुलीवर शेकूनही जात नाही. या प्रकल्पाला हजेरी लाइव्ह तासांपेक्षा कितीतरी जास्त होती. एक मात्र अभ्यास मंडळाकडून आधी लेखी मान्य करून घ्या, की पर्यायी प्रॅक्टिकलचे गुण धरले जातील. तोंडी 'हो हो, करा' वर जाऊ नका.

सप्टेंबर प्रश्नपेढीत गेला. वर्णनात्मक पेपरची तयारी केलेल्या मुलांची परीक्षा आता तासाभराची, बहुपर्यायी. प्रश्न एक्सेलच्या ठरावीक साच्यात भरायचे. एक रकाना सरकला की उत्तरसूची सरकते. मराठीच्या सरांनी प्रश्न जुन्या फाँटमध्ये टाइप केले होते, अपलोड झाल्यावर पडद्यावर नुसती चिन्हं. त्यांनी दोन रात्री बसून सगळे युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केले. 'वरीलपैकी सर्व' हा पर्याय टाळा, कारण प्रणाली पर्यायांचा क्रम बदलते आणि 'वरील' कुठेही जातं.

ऑक्टोबरमध्ये परीक्षा झाली. सराव परीक्षेत लॉगिनच झालं नाही, ओटीपी परीक्षा संपल्यावर आला, काहींना भलत्याच विषयाचा पेपर दिसला. प्रत्यक्ष परीक्षेच्या दिवशी आम्ही संगणक कक्ष उघडा ठेवला आणि रेंज नसलेल्या मुलांना तिथे बोलावलं, अंतर राखून, तपमापक आणि सॅनिटायझरसह. एसटी पुरेशा नव्हत्या. गावातल्या रिक्षावाल्यांशी आधीच बोलून ठेवलं होतं. ज्यांचा पेपर मध्येच तुटला त्यांच्याकडून आम्ही लगेच तीन गोष्टी लिहून घेतल्या: वेळ, पडद्यावरच्या संदेशाचा फोटो, आणि आसन क्रमांकासह अर्ज. ज्यांच्याकडे फोटो होता त्यांची फेरपरीक्षा विनासायास लागली, बाकीच्यांना बराच पाठपुरावा करावा लागला. निकाल भरघोस आले. नव्वद टक्के मिळवून एक मुलगा पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "मॅम, हे खरे मानायचे का?" मी त्याला पुढच्या प्रवेशाचा अर्ज भरायला लावला.

२०२१ थोडक्यात सांगते. १५ फेब्रुवारीला निम्म्या उपस्थितीत कॉलेज उघडलं, दुसऱ्या लाटेत बंद झालं. ती लाट पहिल्यासारखी लांबची नव्हती. मुलांच्या घरातली माणसं गेली. त्या एप्रिल-मेमध्ये मी हजेरीचा तक्ता भरला, पण एकाही मुलाला 'तू का आला नाहीस' असं विचारलं नाही. अंतर्गत परीक्षेची तारीख ज्याला जेव्हा जमेल तेव्हाची ठेवली. तेव्हा गूगल फॉर्म अर्धवट भरलेला जपून ठेवत नसे, रेंज गेली की सगळं पुसलं जाई, म्हणून प्रश्न वहीत सोडवून फोटो पाठवायची मुभा दिली. २२ जुलैला चिपळूणला पूर आला. आमची काही मुलं तिकडची. पुस्तकं, फोन, जर्नलं पाण्यात गेली. त्यांना नवे संच आठवड्याभरात देता आले, कारण एव्हाना सगळं साहित्य घटकवार फोल्डरमध्ये आणि छापील स्वरूपात तयार होतं.

२० ऑक्टोबर २०२१ ला दोन्ही डोस घेतलेल्या मुलांसाठी दारं उघडली. प्रमाणपत्रांची तपासणी गेटवरच, त्यासाठी आम्हीच टेबल लावून बसलेलो. जानेवारीत पुन्हा बंद, फेब्रुवारीत पुन्हा सुरू. त्या सत्रात एसवायचा जो वर्ग समोर होता त्याने कॉलेजात सूक्ष्मदर्शकाला हात लावलेला नव्हता. मोठ्या भिंगावर थेट जाऊन स्लाइड फोडणं रोजचं झालं. वेळापत्रकाबाहेर शनिवारी दुपारी दोन तास फक्त हाताची प्रॅक्टिकलं घेतली: पान किंवा खोड गाजरात धरून छेद, पातळ निघेपर्यंत, गुण नाहीत, जर्नल नाही. फुलांच्या बाबतीत मात्र हा वर्ग आधीच्या कुठल्याही वर्गापेक्षा तयार होता. वाटेवरचा टाकळा, भारंगी, कळलावी नावानिशी सांगत.

२०२२ च्या उन्हाळी परीक्षा पुन्हा कागदावर झाल्या, जादा वेळ देऊन. दोन वर्षं बटणं दाबलेल्या मुलांना सलग लिहायची सवय मोडली होती, बोटं दुखत. जानेवारीपासून रोज तासाच्या शेवटी दहा मिनिटं एक उत्तर हाताने लिहून घ्यायला सुरुवात केली होती, त्याचा उपयोग झाला. तुमच्याकडे अलर्टचे दिवस दोन-तीनच असतील, तरी फोनांची यादी यंदाच्या मुलांची करून ठेवा. रेंज बदलते, नंबर बदलतात, आणि मागच्या वर्षीची यादी कामाला येत नाही.